बघते म्हणाल्या बाई

चंद्रभागा रणपिसेने आयुष्यात किल्ली दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा तिने ती फिरवली की नाही, यावरून खडकीच्या मैदानावर अजून भांडणं होतात.

किल्ली म्हणजे कबड्डीतली एक हरामखोर पकड. घोटा सगळेच धरतात. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा दोन्ही हातांनी उचलायचा, छातीशी लावायचा आणि आपण मागे बसायचं. ती पडते, दम तुटतो, बाद होते. किल्लीत मात्र घोटा छातीशी आणता आणता कुलूप उघडल्यासारखा बाहेरच्या बाजूला एक झटका द्यायचा. पंचाला दिसत नाही, दिसलं तरी सिद्ध होत नाही. गुडघ्यातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज येतो, आणि तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

पहिल्यांदा फिरवली तेव्हा चंद्रभागा सतरा वर्षांची होती. जिल्ह्याचा अंतिम सामना होता. समोरची हेमा नावाची उंच मुलगी प्रत्येक चढाईला तिच्या बरगडीत गुडघा घालून जात होती आणि जाताना हसत होती. तिसऱ्या वेळी चंद्रभागेने घोटा धरला आणि फिरवला. हेमा ओरडली नाही, आधी नुसतं आपल्या पायाकडे बघत राहिली. पाय होता, पण त्याचं तोंड भलतीकडे होतं. मग ती ओरडली.

ढाल चंद्रभागेच्या संघाने जिंकली. तिचे वडील बाबुराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. सामना बघायला ते सायकलवर आले होते, परत जाताना सायकल हातात धरून चालत गेले. पुढच्या रविवारी विहारात पंचशील सुरू झालं. जिवाला इजा करणार नाही, हे पहिलं शील. ते आलं तशी चंद्रभागेची जीभ जागेवरच अडली. शेजारी बसलेले बाबुराव डोळे न उघडता म्हणाले, "म्हण. गिळू नकोस."

तिने म्हटलं. सहा महिन्यांनी स्वारगेटला हेमा दिसली. एसटीत चढताना ती एका हाताने स्वतःची मांडी उचलून पायरीवर ठेवत होती. चंद्रभागा खांबाआड झाली.

दुसरी किल्ली स्वयंपाकघरात फिरली. नवऱ्याचं नाव संपत, रिक्षा चालवायचा. प्यायला नाही तरी मारायचा, त्यामुळे दारूला दोष देण्याचीही सोय नव्हती. चंद्रभागेला एक खोड होती. तिला 'नाही' म्हणता यायचं नाही. नको असलेल्या गोष्टीला ती 'बघते' म्हणायची. तिच्या माहेरी, शाळेत, सगळ्या ओळखीपाळखीत हे ठाऊक होतं. बाई बघते म्हणाल्या म्हणजे विषय संपला. संपतने तिच्या कानातले मागितले, ती म्हणाली, "बघते." चार दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं, ती म्हणाली, "बघते म्हटलं ना." भाकरी तव्यावर होती. त्याने बसलेल्या चंद्रभागेच्या पाठीत लाथ घातली. दुसऱ्या लाथेला तिचे पिठाचे हात आपोआप वर गेले. घोटा हातात आला, छातीशी आला, फिरला.

शेजारपाजारचे जमले तेव्हा संपत फरशीवर उताणा पडून आईच्या नावाने बोंबलत होता आणि चंद्रभागा भाकरी उलटत होती, कारण ती करपली असती. दीड महिना तिने त्याला बसल्या जागी जेवू घातलं. प्लास्टर निघालं तसा तो भावाकडे नगरला गेला तो गेलाच. मूल नव्हतं. विचारायला आलेल्या बायकांना ती म्हणायची, "पाय बरा झाला, म्हणून चालायला लागला."

ती वडिलांकडे परतली. पुढे ते गेले, त्यांचं कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. येरवड्याला एका खोलीत भाड्याने राहून ती एका शाळेत खेळाच्या तासाला मदतनीस म्हणून कंत्राटावर काम करायची आणि संध्याकाळी खडकीच्या मैदानावर मुलींना शिकवायची. सगळ्या पकडी शिकवल्या, किल्ली शिकवली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "बघते."

मैत्री तिच्याकडे नऊ वर्षांची असताना आली. हडकुळी, मोठ्या कानांची, आणि दम असा की पूर्ण चढाई होऊन परत आली तरी 'कबड्डी कबड्डी' चालूच. "बस कर गं, रेडिओ," चंद्रभागा म्हणायची. दहा वर्षं तिने त्या मुलीला पाडलं, उचललं, गुडघे फुटले तर हळद दाबली आणि पुन्हा पाडलं.

पुण्यात लीग आली ती दोन हजार सहा साली. कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यात काम करणाऱ्या पोरापोरींना शनिवारी संध्याकाळी कुठेतरी जाऊन ओरडायचं होतं. सदाशिव पेठेतल्या सलिल केळकरने हे बरोबर हेरलं. अमेरिकेत शिकून आलेला, डोक्यावर तिथल्या कुठल्याशा बेसबॉल संघाची टोपी. त्याने बायकांच्या कबड्डीचे सहा संघ काढले आणि सहा मालक गोळा केले. त्यातले एक रंगराव. हिंजवडीकडची वडिलोपार्जित जमीन विकून आता इमारती बांधणारे. त्यांच्या संघाचं नाव 'मुळा मर्दिनी', कप्तान चंद्रभागा. वय पस्तीस, पण उजव्या कोपऱ्यात तिच्यासारखी पकड दुसऱ्या कुणाची नव्हती.

पहिल्या बैठकीला मालक आणि कप्तान दोघांनाही बोलावलं होतं. सलिल फळ्यावर गोल काढून समजावत होता.

"तिकिटं, जाहिराती, केबलवाल्यांकडून येणारे, सगळे एका भांड्यात. त्याचे सहा सारखे वाटे. नाहीतर एकच श्रीमंत संघ सगळ्या चांगल्या मुली उचलेल आणि खेळ मरेल. अमेरिकेत बेसबॉलमध्ये हेच करतात."

रंगरावांनी बशीतला चहा फुंकला. "म्हंजे आमी हरलो तरी आमचा सहावा वाटा?"

"हो. पण तो तुम्ही संघावर, खेळाडूंवर खर्च करावा अशी अपेक्षा आहे."

"अपेक्षा हाय. नियम न्हाई."

सलिलने टोपी काढून डोकं खाजवलं. "नियम असा नाही."

"लई हुशार हायती अमेरिकेतली माणसं," रंगराव म्हणाले आणि चहा एका घोटात संपवला.

मग सलिलने खेळाडूंसाठी केलेला एक नियम सांगितला. मोसमात जी मुलगी चढाईचे शंभर गुण करील तिला त्याच मालकाने पुढली तीन वर्षं तिप्पट पगारावर ठेवायचं. ते मात्र लिहून घेतलं होतं, सहीनिशी. शंभर कोण करतंय, म्हणून सहाही मालकांनी मान डोलावत सह्या केल्या.

रंगरावांनी संघावर जे वाचवता येईल ते वाचवलं. स्वस्तातल्या मुली घेतल्या, मॅट पातळ घेतली, मालीशवाली ठेवली नाही. तिसऱ्या सामन्यात सोनालीचं कॉलरचं हाड मोडलं, तिला रिक्षात घालून घरी धाडलं. पाचव्यात दोघींची नाकं फुटली, त्यांनी कापूस कोंबून खेळ पुरा केला. मर्दिनी हरत होत्या आणि रंगराव पहिल्या रांगेत बसून शेंगदाणे खात होते. हरणाऱ्या मालकाचा एवढा प्रसन्न चेहरा पुण्याने पाहिला नव्हता. गर्दी तर वाढतच होती. गळ्यातली कंपनीची ओळखपत्रंसुद्धा न काढता आलेली पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडायची, "क्या तोडा यार! वन्स मोअर!" हाड मोडल्याचा आवाज आला की पुढच्या शनिवारी दोन रांगा जास्त भरायच्या, आणि त्या दोन रांगांचाही सहावा वाटा रंगरावांकडे यायचा.

हिशेब चुकवला तो एकट्या मैत्रीने. स्वस्तात मिळालेली ती एकोणीस वर्षांची पोर हरणाऱ्या संघात राहून गुण गोळा करत सुटली. शेवटचा सामना उरला तेव्हा तिचे चौऱ्याण्णव झाले होते.

रंगरावांनी चंद्रभागेला स्वारगेटजवळच्या ऑफिसात बोलावलं. तिथे त्यांचा माणूस मच्छिंद्र दाराशी टेकून उभा होता.

"बाई, पोरगी लई पळती."

"पळायलाच घेतलीय."

"पळू द्या की. पण शंबर झालं तर तीन वरीस माझ्या उरावर. आन् मला कुटं जिकायचंय? जिकलो तरी सहावा, हरलो तरी सहावा." ते पुढे वाकले. "सरावात लागतं कुणाकुणाला. तुमच्या हातात एक किल्ली हाय म्हनं."

चंद्रभागेच्या पाठीत जुनी लाथ पुन्हा बसल्यासारखी झाली. "कोण म्हणतं?"

"तुमचा नवरा आमच्या साईटवर वॉचमन व्हता नगरला. अजून लंगडतो." रंगराव हसले. "येरवड्याला भाड्यानं ऱ्हाता. आमच्या नव्या स्कीममधली एक खोली, स्वयंपाकघर येगळं, तुमच्या नावानं. वर कोच म्हनून कायमची नोकरी. काय म्हनता?"

काय म्हणायचं ते तिच्या घशाशी आलं होतं. दोन अक्षरांचाच शब्द. पण पस्तीस वर्षांची सवय एका खुर्चीत बसून जात नाही. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बघते."

तिच्या लेखी विषय संपला होता. पण रंगरावांच्या गावात 'बघतो' म्हणजे होकार. माणूस बघतो म्हणाला की विसार दिला असं धरतात. जमिनींचे व्यवहार त्यांनी याच शब्दावर केले होते. मच्छिंद्र जिन्यापर्यंत तिला पोचवायला आला तो हसत, आणि त्याच संध्याकाळी त्याने डाव्या कोपऱ्यातल्या श्यामलाला सांगितलं की तू फार जवळ जाऊ नकोस, उद्या मैत्रीचा पाय जायचाय, खोलीच्या बदल्यात बाई बघते म्हणाल्यात. श्यामलाने ते मैत्रीला सांगितलं. शब्दाला शब्द तोच. फक्त कुणाच्या तोंडचा आणि कुणाच्या कानातला, एवढं मधे गळून गेलं.

बाईंचं 'बघते' मैत्रीला दहा वर्षं ठाऊक होतं. ती रात्रभर स्वतःला हेच सांगत राहिली असेल. पण तीन वर्षांची नोकरी समोर दिसत असताना माणूस स्वतःच्या आईवरही पूर्ण विश्वास टाकत नाही, आणि ही तर बाई.

सकाळी चंद्रभागा हॉलवर सरावाला आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. आपण नाही केलं तर रंगराव दुसरीला सांगतील. मैत्रीला किल्ली माहीत नाही, आणि माहीत नसलेली पकड पायात बसली की शरीर उलट ओढ घेतं. तिथेच हाड जातं. जे दहा वर्षं लपवलं ते आज शिकवायला हवं. ती मॅटवर उतरली, सगळ्यांना बाजूला केलं आणि म्हणाली, "मैत्री, चढाई कर. आज तुला किल्ली दाखवते."

मैत्रीचा चेहरा पांढरा पडला. श्यामला दोन पावलं मागे सरली.

मैत्रीने दम लावला, आत आली. चंद्रभागा खाली बसली, दोन्ही हात पुढे, आणि घोटा धरला. छातीशी आणला. अगदी थोडं, समजण्यापुरतं वळवलं, आणि तोंड उघडलं, सांगायला.

तोंड उघडं होतं म्हणूनच एवढं लागलं. मैत्रीच्या मोकळ्या पायाची टाच जबड्यावर आली. कडाकन् आवाज झाला. दोन दात मॅटवर पडले, एक श्यामलाच्या पायाशी गेला. मैत्रीने दुसरी लाथ घातली, ती गालफडावर. "घेतलीस ना खोली? माझा पाय विकून घेतलीस ना? दहा वर्षं बाई बाई म्हणाले गं तुला!" पहिल्यांदाच ती अगं-तुगंवर आली होती, आणि तिसरी लाथ कानशिलात बसली.

चंद्रभागेच्या डोळ्यांपुढे हॉलचे दिवे फिरले. तोंडात रक्त, जबडा एका बाजूला लोंबलेला, बोलायला जीभ जागेवर नाही. पण घोटा तिने सोडला नाही. कोपऱ्यातली बाई घोटा सोडत नाही. एका हाताने तिने तो धरला, दुसऱ्या हाताने मैत्रीचं कंबरडं दाबलं, आणि किल्ली जिकडे फिरत होती तिकडेच तिचं अख्खं अंग लोटून दिलं. मैत्री गोल फिरली. पाय फिरला, गुडघा फिरला, कंबर फिरली, कुठेच पीळ राहिला नाही, आणि घोटा ओल्या साबणासारखा हातातून सुटला.

मैत्री पोटावर पडून वळून बघू लागली. चंद्रभागेने रांगत पुढे येऊन पुन्हा घोटा धरला. पुन्हा वळवला, पुन्हा तिकडेच लोटलं. पुन्हा सुटला. तिच्या हनुवटीवरून रक्त मैत्रीच्या पांढऱ्या मोज्यावर ठिबकत होतं. तिसऱ्या वेळी तिने बोटाने स्वतःचं मनगट दाखवलं. किल्ली फिरवणारीने वेळेवर हात सोडला नाही, तर फिरणाऱ्या अंगाचा सगळा भार तिथे येतो. तेही शिकवलं. मग ती कुशीवर आडवी झाली.

"बाई," मैत्री म्हणाली. "बाई... अहो बाई..." आणि दात गोळा करायला लागली, जणू ते परत बसवता येणार होते.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने बांधले आणि पंधरा दिवस पडून राहा म्हणाले. चौथ्या दिवशी शनिवार होता. चंद्रभागा डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधून बसने सामन्याला आली आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली. पहिल्या रांगेत रंगराव होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मैत्रीच्या धडधाकट पायांकडे पाहिलं, आणि मच्छिंद्रला जवळ बोलावलं. मच्छिंद्र उठून समोरच्या संघाच्या बाकाकडे गेला. तिथे उजव्या कोपऱ्याला अस्मिता नावाची एक दणकट मुलगी होती. तिच्या कानात काहीतरी सांगून तो परतला. चंद्रभागेने ते सगळं पाहिलं. ओरडून सांगायला तोंड उघडत नव्हतं.

मैत्रीने पहिल्या डावात तीन गुण घेतले. सत्त्याण्णव. दुसऱ्या डावात दोन. एका चढाईत तिच्या ओठावर कोपर बसलं, एकीत छातीवर दोघी बसल्या. खुर्च्यांवर पोरं नाचत होती. सलिल ध्वनिवर्धकावर ओरडत होता, "नाइन्टी नाइन! लेडीज अँड जंटलमेन, एकच!"

शेवटच्या चढाईला मैत्री उजवीकडे गेली. अस्मिता खाली बसली, हात पुढे आले, घोटा धरला, छातीशी नेला. चंद्रभागा बाकावर उभी राहिली. झटका बसला, कुलपात बसतो तसा, अनुभवी नाही पण जोरदार.

मैत्री उलट ओढली नाही. किल्ली फिरली तिकडेच ती अख्खी फिरली, दम न तोडता, आणि तिचं सगळं वजन अस्मिताच्या मनगटावर आलं. अस्मिताने हात सोडला नाही. तिला नुसतं फिरव एवढंच सांगितलेलं, सोड हे कुणी सांगितलंच नव्हतं. मनगटातून तो आवाज आला. पहिल्या रांगेपर्यंत. मैत्रीचं बोट मधल्या रेषेला लागलं तेव्हाही ती कबड्डी कबड्डी म्हणतच होती.

शंभर. हॉल फुटायचा बाकी राहिला. मुलींनी मैत्रीला खांद्यावर घेतलं.

रंगराव बाकापाशी आले. त्यांच्या हातात शेंगदाण्याची पुडी तशीच होती. "बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुमी तर बघते म्हनला व्हता."

चंद्रभागेने तारेने आवळलेल्या दातांमधून, ओठ तेवढे हलवत, एकेक अक्षर बाहेर काढलं.

"बघितलं."

मग ती त्यांना ओलांडून मॅटवर गेली. अस्मिता अजून कोपऱ्यात बसलेली होती, भलतीकडे तोंड असलेला स्वतःचा हात मांडीवर ठेवून, त्याच्याकडे नुसतं बघत. तिच्या संघातलं कुणी आलं नव्हतं, मालकही नाही. जिंकले काय, हरले काय, त्यांचाही सहावा वाटा ठरलेला होता. हेमा ओरडण्याआधी अशीच बघत होती, हे चंद्रभागेला अठरा वर्षांनी आठवलं. आता खांब नव्हता आड व्हायला. ती खाली बसली आणि स्वतःच्या हनुवटीखालची पट्टी सोडायला लागली. गाठ घट्ट होती. जबडा ठणकत होता.

"बाई, दुखतंय," अस्मिता म्हणाली आणि मग ओरडली.

पट्टी सुटली. चंद्रभागेने ती तिच्या गळ्यात अडकवली, मोडका हात दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच, कुठेही न वळवता, छातीशी आणला.